डब्यातल्या चार चिठ्ठ्या

पार्वताबाईनं पिशवी उपडी केली तशी सीताफळं टेबलभर घरंगळली. एक तर नववीच्या उत्तरपत्रिकांवरून गडगडत थेट कडेला गेलं. ते खाली पडायच्या आत अल्कानं हात आडवा घातला.

"अहो, एवढी कशाला आणलीत?"

"घरच्या झाडाची आहेत जी. दोन दिवस तांदळात दाबून ठेवा, पिकून जातीन."

मधली सुट्टी चालू होती. बिसराम सर खुर्चीतच डोळे मिटून बसले होते आणि खिडकीबाहेर पोरींचा दोरीवरच्या उड्यांचा आरडाओरडा चालला होता. चिचगडच्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यापासून अल्काच्या टेबलावर पालकांनी काय काय आणून ठेवलं होतं त्याला हिशेब नव्हता. काकड्या, वालाच्या शेंगा, नवे पोहे. आणि त्यावर काय बोलायचं तेही आता तिला पाठ होतं. पार्वताबाईची रचना दहावीत पहिली यायची. पोर मुळातच हुशार आहे, माझं काय त्यात, हे वाक्य अल्काच्या जिभेवर तयार होतं.

पार्वताबाई मात्र स्टूल ओढून जवळ बसली. पदर पोटावरून सारखा केला आणि आवाज उतरवून म्हणाली,

"मले दिवस आहेत मॅडम. चवथा लागला."

"हो का?" अल्का म्हणाली. रचनाचा धाकटा भाऊ संघदीप सिकलसेलचा, रक्तातून पिढीजात येणाऱ्या त्या आजाराचा, रोगी आहे हे शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं अंग दुखायला लागलं की रचनाचा खाडा ठरलेला.

"पयले तं पाडाचंच ठरवलं होतं आमी," पार्वताबाई सांगू लागली. "रचनाचे बाबा गोंद्यावरून, मिलमधून सुट्टी काढून आले होते. संघदीपचे हाल आमी पाह्यतो ना, तुमाले का सांगू. थंडी पडली का पोट्ट्याचे हातपाय ठनकतात. रातभर इवळते. आनखी एक तसंच लेकरू कोनाच्या भरवशावर आनाचं? सिकलसेलवाल्या नंदाबाईनं दवाखान्यात तारीख बी घेतली होती. मंग रचनानं तुमचा धडा सांगतला."

"कुठला धडा?"

"चिठ्ठ्यायचा."

अल्काचा हात सीताफळावर होता तिथंच राहिला.

"चार चिठ्ठ्या," पार्वताबाई एकेक बोट दुमडीत म्हणाली. "एक आजारवाली, दोन अर्ध्यावाल्या, एक चांगली. आमच्या घरी अर्धी रचनाले निघाली. आजारवाली संघदीपले निघाली. आता डब्यात रायल्या दोन. एक रचनावानी आन एक बिलकुल साफ. त्यातली कोनती बी निघो, मले चालते." ती हसली. गेल्या कित्येक महिन्यांत हसली नसावी असं ते हसणं होतं, जरा अवघडलेलं. "भिसीवानीच आहे ना जी. एकदा ज्याचं नाव निघालं ते निघालं. मंग ते चिठ्ठी डब्यात कायले राहीन?"

बिसराम सरांनी डोळे न उघडता मान हलवली. भिशीचा हा हिशेब त्यांनाही पटण्यासारखाच होता.

"पार्वताबाई," अल्का म्हणाली, आणि तेवढ्यात घंटा झाली. पोरं पायऱ्यांवरून धडधडत वर आली. पार्वताबाई उठली, रिकाम्या पिशवीची घडी घालून काखेत मारली आणि दाराशी वळून 'जय भीम' म्हणाली.

"जय भीम. जपून राहा," अल्का म्हणाली.

सांगायला हवं होतं ते तेव्हाच, त्या स्टुलावर बसलेली असताना. घंटेचं काय, घंटा रोजच होते. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी आलेलं हसू आपल्याच हातानं पुसून टाकणं अल्काच्या जिवावर आलं, आणि एकदा ती वेळ टळली ती टळलीच. आठवीच्या तासाला तिनं वनस्पतीच्या मुळांची आकृती काढायला घेतली आणि दोनदा खोड पुसून पुन्हा काढलं.

*

पुस्तकात सिकलसेल जेमतेम दोन ओळींचा होता. बाकी सगळा धडा वाटाण्यांचा. उंच झाडं, बुटकी झाडं, पहिली पिढी, दुसरी पिढी. पण या भागातल्या पोरांना वाटाण्याचं काय कौतुक? तपासणीचं पथक शाळेत येऊन बोटं टोचून गेलं होतं. कुणाच्या घरी भाऊ, कुणाच्या घरी चुलती, कुणाकडे नुकतंच गेलेलं मूल. म्हणून अल्कानं हौसेनं तो धडा वाढवला होता. पोरांनी लाज धरू नये म्हणून दरवर्षी सुरुवातीलाच ती सांगून टाकायची, "मी स्वतः वाहक आहे, म्हणजे माझ्यात दोष अर्धाच. माझं काही दुखत नाही. पण लग्नाआधी मी नवऱ्याची तपासणी करवून घेतली, आणि मग होकार दिला." पोरी एकमेकींकडे बघून खुसखुसायच्या. मागच्या बाकावरच्यासुद्धा माना वर यायच्या.

मग ती आपला स्टीलचा डबा काढायची. आई वाहक, बाप वाहक. होणाऱ्या मुलांच्या चार शक्यता, त्यांच्या चार चिठ्ठ्या. डबा खुळखुळवायचा, चार पोरांना पुढं बोलवायचं, एकेकानं एक उचलून मोठ्यानं वाचायची आणि हातात धरून उभं राहायचं. वाहक. निरोगी. ग्रस्त. वाहक. "म्हणजे चारांत ग्रस्त किती?" "एक," असा सगळ्या वर्गाचा आवाज यायचा. ही युक्ती तिला कुडव्याला, सासरच्या गल्लीतल्या बायकांच्या भिशीवरून सुचली होती आणि तिचा तिला थोडा अभिमानही होता. परीक्षेत या प्रश्नाचे दोन गुण तिच्या वर्गात कुणाचे जात नसत.

दरवर्षी बरोब्बर एकच ग्रस्त निघायची. निघणारच. डब्यात होतीच तेवढी.

त्या संध्याकाळी खोलीवर भात शिजत असताना अल्का त्याच डब्याकडं बघत बसली. भिशीत निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवतात, कारण प्रत्येकीला एकदा लाभ व्हावा. आईच्या पोटात असं काही ठरलेलं नसतं. तिथं प्रत्येक खेपेला चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात असतात. पहिलं मूल ग्रस्त झालं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. चारही ग्रस्त होऊ शकतात, एकही ग्रस्त नाही असंही होऊ शकतं. हे अल्काला माहीत नव्हतं थोडंच. बीएस्सीला तिनं ते पानंच्या पानं सोडवलं होतं. फक्त वर्गात तेवढं बोलायचं राहून जायचं. तास संपत आलेला असायचा, चार पोरं चार चिठ्ठ्या धरून उभी असायची आणि फळ्यावर चार चौकोन इतके नीटनेटके दिसायचे की त्यात आणखी काही घालावंसं वाटत नसे. अर्धं सांगितलेलं खरं इतकी वर्षं खपून गेलं, कारण ते कुणी घरी नेऊन वापरलं नव्हतं.

भाताला खालून लागल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

*

सिकलसेलचं काम पाहणारी नंदाबाई दोन घरं सोडून राहायची. अल्का गेली तेव्हा ती अंगणात पाय पसरून तेल चोळत बसली होती. दिवसभर गावोगाव हिंडून तिच्या टाचा भेगाळल्या होत्या. अल्कानं विषय काढला तशी तिनं तेलाची वाटी बाजूला सारली.

"म्हंजे तुमच्यापासूनच निघालं ते."

"मी तसं म्हटलं नव्हतं हो."

"तुमी कसं म्हटलं ते मले नाही माहीत मॅडम. मी त्या बाईले घरी जाऊ जाऊ सांगतलं, दर खेपेले धोका तेवढाच राह्यते म्हनून. ते म्हनते, तुमी का आमच्या मॅडमपेक्षा जास्त शिकल्या?" नंदाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. थकवा होता. "आता मी का बोलाव त्याच्यावर?"

अल्कानं बाजूला सारलेली तेलाची वाटी उचलून पुन्हा तिच्या हाताशी ठेवली.

"नागपूरले पोटातल्या पान्याची तपासनी होते," नंदाबाई म्हणाली. "लेकरू कसं आहे ते समजते. मंग ठेवाचं का नाही ते मायबाप पाहून घेतीन, आपून कोन सांगनारे. पन समजून तं ठरवाव ना. आन पाचवा भरत आला का मंग कोनी हात नाही लावत. मी डाक्टरले फोन करून ठेवतो. पन तिले तयार तुमीच करा. माह्या तोंडून ते आयकनार नाही."

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अल्कानं रचनाला मागं थांबवलं. आईशी बोलायच्या आधी पोरीला समजावून द्यावं, म्हणजे घरात ती तरी बरोबर सांगेल, असा तिचा विचार होता. घरून तिनं दोन कप आणले होते आणि वालाच्या बिया, काळ्या आणि पांढऱ्या. दोन्ही कपांत एक काळी, एक पांढरी घातली.

"हा आईचा कप, हा बाबांचा. काळी बी म्हणजे सिकलसेलचा जनुक, दोन्ही काळ्या म्हणजे ग्रस्त. डोळे मिटून दोन्हीतून एकेक काढ. काय निघालं ते बघ आणि मग ज्याची त्याच्यात परत टाक. परत टाकायची, हे महत्त्वाचं."

रचना उंच आणि कमी बोलणारी. तिनं वेणी पाठीवर टाकली आणि सांगितलं तसं केलं. एक काळी, एक पांढरी. परत टाकल्या. दोन्ही काळ्या. परत टाकल्या. पुन्हा दोन्ही काळ्या.

अल्का थांबली. तिला वाटलं होतं, पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी फुटेल. रचना नुसती त्या दोन बियांकडं बघत होती. मग तिनं त्या नीट ज्याच्या त्याच्या कपात टाकल्या.

"मले माहीत होतं मॅडम."

"काय माहीत होतं?"

"दर वेळेस चारही राहतात ते. त्या दिवशीच तुम्हाला विचारणार होती, चिठ्ठी परत टाकायची नाही का म्हणून. तास संपला. मग घरी मी करून पाहिलं, कागद फाडून. परत टाकून. कधी तीन-तीनदा एकच येते."

बाहेर शिपाई वर्गांची दारं लावत येत होता. अल्कानं त्याला हातानंच थांबायची खूण केली.

"मग आईला तसं का सांगितलंस?"

रचनानं बाकावरच्या कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"आई आणि बाबा मधल्या खोलीत बोलत होते. पाडायचं. संघदीप बाजेवर झोपला होता. म्हणजे आम्हाला वाटलं झोपला आहे. सकाळी मी त्याला शाळेत सोडायला गेली तर रस्त्यात म्हणाला, ताई, ते बाळ माह्यासारखं निघन म्हणून मायले नको आहे का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही रे, तसं नाही." रचनाचं बोट थांबलं. "तो म्हणाला, मंग मले काऊन ठेवलं?"

अल्काला समोरचा फळा एकदम धूसर दिसू लागला. तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला, जणू दोष काचेचाच होता.

"त्या दिवशी तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी चार चिठ्ठ्या केल्या आणि त्याच्यासमोरच आईला सांगितलं. तुमचं नाव घेतलं, म्हणजे कोणी वाद नाही घालत. मी म्हटलं, आजारवाली चिठ्ठी तर निघून गेली, आता भीती कशाची? आई पहिल्यांदा हसली. मग रडली. आणि संघदीपनं त्या रात्री दोनदा भात मागून घेतला." तिनं कपांकडं बघितलं. "मले वाटलं होतं, चांगलंच निघन बाळ. चारांत तीनदा तर चांगलंच निघते ना मॅडम?"

उत्तर बरोबर होतं. अल्कानं मान हलवली.

"पण आईला कळायला हवं, रचना. तिला नागपूरला जाऊन तपासता येईल. तिचं शरीर आहे, तिचं मूल आहे. न कळता कसं चालेल?"

"हो," रचना म्हणाली. तिनं दप्तर खांद्याला लावलं, दोन्ही कप एकात एक घालून टेबलावर ठेवले आणि दाराशी जाऊन वळली.

"त्याच्यासमोर नका सांगू."

*

शनिवारी सकाळची शाळा. इतर शनिवारी अल्का दुपारच्या गाडीनं कुडव्याला जायची. या शनिवारी तिनं नवऱ्याला फोन करून उद्या येते म्हणून कळवलं आणि गावाबाहेरच्या टोलीवर, पार्वताबाईच्या घराच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना धान पोटऱ्यांतून बाहेर पडून ओणवं झालं होतं. चालताना ती वाक्यं जुळवत होती. वर्गात कधी जुळवावी लागली नव्हती.

सपरीत, घरापुढच्या ओसरीत, संघदीप उन्हाची तिरीप बघून बसला होता. नऊ वर्षांचा पोरगा, दिसायला सहाचा. डोळ्यांत पिवळी झाक. जवळ पाण्यानं भरलेला गडू, कारण त्याला सतत पाणी पीत राहायला सांगितलेलं. पळसाच्या पानांना काडी टोचून तो द्रोण करत होता आणि एकावर एक रचत होता.

"माय मांगं आहे," तो न विचारताच म्हणाला. मग गडू तोंडाला लावून एक घोट घेतला, कर्तव्य उरकल्यासारखा.

मागच्या अंगणात पार्वताबाई सुपात तांदूळ निवडत होती. अल्काला बघून ती उठायला गेली, तेव्हा अल्काच तिच्याजवळ खाली बसली. नमस्कार झाला, चहा नको म्हणून झाला. मग काही जुळवलेलं आठवेना तेव्हा अल्का सरळ म्हणाली,

"पार्वताबाई, त्या चिठ्ठ्यांचं मी अर्धंच शिकवलं. माझं चुकलं."

"हळू बोला जी," पार्वताबाई म्हणाली. "पोट्ट्याचे कान लय तिखट आहेत."

अल्का हळू बोलली. भिशीतली चिठ्ठी आणि ही चिठ्ठी यांतला फरक तिनं सांगितला. पुस्तकी शब्द एकही आला नाही तिच्या तोंडात. आले असते तर सांगणं सोपं गेलं असतं. पार्वताबाईची बोटं तांदळातून फिरत राहिली. एक खडा निघाला, तो तिनं मागं टाकला. मग दुसरा.

"म्हंजे ते आजारवाली डब्यात आहेच अजून."

"दर वेळेस असते."

"संघदीपच्या बारीले होती तेवढीच?"

"तेवढीच. जास्त नाही, कमी नाही."

सूप थांबलं. कोंबडी जवळ येऊन तांदळावर मान लांबवू लागली तरी पार्वताबाईनं तिला हाकललं नाही. रागावली असती, चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं अल्काला वाटलं.

"रचनाले नाही समजलं हे?" पार्वताबाईनं विचारलं. "ते तं पयली येते."

"मीच तसं शिकवलं ना. तिची काही चूक नाही," अल्का म्हणाली.

पार्वताबाईनं तिच्याकडं एकवार बघितलं आणि मान खाली घातली. मग अल्कानं नागपूरच्या तपासणीचं सांगितलं. पोटात सुई घालून थोडं पाणी काढतात, त्यातून बाळाचं कळतं. नंदाबाई डॉक्टरांशी बोलली आहे. पण उशीर करून चालणार नाही. पार्वताबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात पदराखाली पोटावर गेला.

कवाडाशी पाऊल वाजलं. संघदीप हातात द्रोणांची चळत घेऊन उभा होता. कधीपासून उभा होता ते कळायला मार्ग नव्हता.

"माय, का म्हनून राहिल्या मॅडम?"

"काई नाही रे. बाळाचं इचारून राहिल्या."

पोरगा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं चळत कवाडाच्या आडोशाला ठेवली, आणि आईला नाही, अल्कालाच विचारलं, कारण या बाबतीत खरं काय ते शाळेतल्या मॅडमलाच ठाऊक असणार.

"ते माह्यावानी निघालं तं?"

अल्कानं पार्वताबाईकडं बघितलं. इतकी वर्षं पोरांनी विचारलेला एकही प्रश्न तिनं उद्यावर टाकला नव्हता.

पार्वताबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"तुह्यावानी निघालं तं निघालं," ती म्हणाली. "मंग का करतो? दोघंबी मिळून माह्या डोक्यावर मिरे वाटाल. एकाचं कमी पडून राहिलं होतं मले."

"आन माह्या गोळ्या?"

"त्याच्या त्याले भेटतीन. तुह्या कोनी घेत नाही. जाय, पानी पे. गडू तसाच भरला असन."

संघदीपचा चेहरा उजळला असं म्हणणं जास्तीचं होईल. पण त्याचे खांदे खाली आले, हे अल्कानं पाहिलं. तो चळत उचलून परत गेला. सपरीतून गडू ठेवल्याचा आवाज आला.

अल्काला भरून आलं. एवढं शिकून आपण काय सांगायला आलो होतो आणि या बाईनं बसल्या जागी केवढा निकाल लावून टाकला, असं तिला वाटलं. नागपूर आता कशाला, असंही वाटलं. ती उठली, पायाला मुंग्या आल्या होत्या. पार्वताबाईही उठली आणि तिला पोचवायला कुंपणापर्यंत आली. सपरीवरून जाताना तिनं पोराच्या डोक्यावरून सहज हात फिरवला.

कुंपणाचं फाटक पार्वताबाईनं ओढून घेतलं आणि त्याच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. घराकडं तिची पाठ होती.

"देवरीवरून नागपूरची पयली गाडी कितीले राह्यते?" तिनं विचारलं. आवाज इतका खाली होता की अल्काला पुढं वाकावं लागलं.

अल्का तिच्याकडं बघत राहिली. त्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. काय ठरवलं आहे, ठरवलं आहे की नाही, काहीच नाही.

"सकाळी सहाला," ती म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर. डॉक्टरांशी बोलायला कुणी..."

"तुमी नोका येऊ. तुमी संगं दिसल्या तं तो समजन. मी नंदाबाईले घेऊन जातो." पार्वताबाईनं पदर डोक्यावरून घेतला. "आन तो शायेच्या रस्त्यानं तुमाले भेटन. इचारन बी. त्याले सांगजा, माय माहेरी गेली."

धानावरून वारा आला आणि गेला. सपरीत संघदीप काडी मोडत होता, त्याचा बारीक आवाज इथवर येत होता.

"तुमचं माहेर कुठलं?" अल्कानं विचारलं.

"आमगाव."

"आमगाव," अल्का म्हणाली, आणि विसरू नये म्हणून मनाशी पुन्हा एकदा म्हणाली.